बाटलीतली शेवंती आणि शेतातली केळी



परवा गावातला एक पोरगा मोबाईल घेऊन बांधावर आला. "काका, हे बघा. कुकर, काचेच्या बरण्या अन् एक प्लास्टिकचा डबा. एका कंदापासून हजारो रोपं. मग आपण केळीची रोपं विकत कशाला घ्यायची?"

प्रश्न खोटा नाही. 6 बाय 5 फुटावर एकरी साधारण 1,450 रोपं बसतात. रोप 16 रुपयांनी धरलं तरी तेवीस हजारांच्या वर जातात, अन् पहिलं पाणी द्यायच्या आधीच. त्यात मी स्वतः दोन वर्षं मागच्या खोलीत हाच उद्योग करतोय, म्हणून त्याला माझ्याकडून "कर बिनधास्त" असं ऐकायचं होतं. मी त्याला अर्धं हो म्हणालो, अर्धं नाही. का ते इथे लिहितो, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

आधी "हो"ची बाजू.

घरी टिश्यू कल्चर होतं. त्यात जादू नाही, स्वयंपाक आणि सोवळं आहे. एक लिटर पाण्यात एमएस माध्यमाची पावडर साधारण 4.4 ग्रॅम, साखर 30 ग्रॅम, आगर 7-8 ग्रॅम. सामू 5.8 च्या आसपास. हे एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग, त्यांनी 1962 साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं मिश्रण. आज साठ वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी तेच चालतं. माझ्या पहिल्या खेपेला सामू उतरवताना व्हिनेगर जास्त पडलं आणि आगर घट्टच झालं नाही. बरण्यांत नुसती पेज!

बरण्यांची झाकणं सैल ठेवून कुकरमध्ये पूर्ण वाफेवर वीस-पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईनं शिट्टी उचलली की माध्यम उकळून बाहेर येतं.

संप्रेरकाचं माप मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला आपला किराणा काटा चालत नाही. म्हणून 100 मिलिग्रॅम बीएपी सोनाराच्या बारीक काट्यावर तोलून, कॉस्टिकच्या पाण्याच्या चार थेंबांत विरघळवून, पाणी घालून 100 मिली करायचं. मग 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम. शेवंतीला लिटरला तेवढं पुरलं.

फांदीचे डोळ्यासकट तुकडे साबणाच्या पाण्यात, मग पातळ ब्लीचमध्ये दहा-बारा मिनिटं, मग कुकरातून काढलेल्या पाण्यात तीन वेळा. पुढचं काम पारदर्शक डब्यात, दोन भोकांतून हात घालून. पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. आणि एक इशारा. हातावर स्पिरिट फवारलं असेल तर ते पूर्ण उडेपर्यंत दिवा पेटवू नका. माझ्या उजव्या हाताचे केस एकदा गेलेत, डबा पेटला असता तर खोली गेली असती.

पहिल्या 40 बरण्यांपैकी 29 वर बुरशी आली. काळी, पांढरी, हिरवी, प्रदर्शनच. तिसऱ्या खेपेला 40 पैकी 11 वर आलो. शेवंतीला फुटवे आले, मुळं आली. कोकोपीटमध्ये झाकून ठेवून, रोज थोडं थोडं उघडं करत बाहेरच्या हवेला सरावली. आज सहा झाडं अंगणात आहेत. त्यांच्याकडे बघताना जो आनंद होतो तो पैशात सांगता येत नाही.

आता "नाही"ची बाजू.

व्हिडिओतला हिशेब असा: एका तुकड्याचे महिन्याला तीन होतात, म्हणजे सात महिन्यांत 2,187. कागदावर बरोबर आहे. पण दर खेपेला निम्म्या बरण्या खराब झाल्या तर तिनाचे दीडच उरतात, अन् सात महिन्यांनी हातात येतात 17. माझ्या खोलीत तर केळीचं याहून वाईट झालं. कंदाचे 12 तुकडे लावले. चार काळे पडले. बाकीचे तीन आठवडे छान दिसले, मला वाटलं जमलं. मग बुडाशी दुधाळ थर. जिवाणू कंदाच्या आतच होते, ब्लीच तिथवर पोचलंच नाही. बाराच्या बारा उकिरड्यावर.

तरी हेही मी सोसायला सांगितलं असतं. खरी भीती वेगळी आहे. बुरशी दिसते, विषाणू दिसत नाही.

टिश्यू कल्चर म्हणजे रोगमुक्त, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. बरणीत तयार होते ती आईची नक्कल. आईच्या अंगात सीएमव्ही असेल, म्हणजे आपण ज्याला हरण्या म्हणतो तो, तर लेकरांतही तो येणार. बरणीत पानं हिरवीगार दिसतील. लक्षण उमटेल ते शेतात गेल्यावर, ठिबक अंथरून, बेसल डोस टाकून झाल्यावर. आणि मावा तो तिथेच ठेवत नाही, शेजाऱ्याच्या बागेत नेतो. तुमच्या हौसेचा हप्ता शेजाऱ्यानं का भरायचा? ज्यांनी हरण्यापायी लावलेली बाग उपटलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळेच्या रोपात आपण पैसे मोजतो ते याचेच. मातृवृक्षाची विषाणू तपासणी, ठरावीक खेपांनंतर थांबणं म्हणजे झाडं बिघडत नाहीत, आणि हार्डनिंग. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं 2006 पासून यासाठी प्रमाणन व्यवस्था ठेवलीय. पण खरं सांगा, आपल्यातले किती जण रोपं उतरवून घेताना कागद मागतात? मीही मागत नव्हतो. गाडी आली, मोजली, लावली. स्वतःच्या बरण्या सडल्यावर मला कळलं की कोणता प्रश्न विचारायचा असतो.

म्हणून माझं मत असं. हे प्रत्येक केळीवाल्यानं एकदा घरी करून बघावं. सात-आठ हजारांत शिक्षण होतं. शेवंती घ्या, सोपी आहे. पोरांना दाखवा. 1964 मध्ये दिल्लीत शिप्रा गुहा आणि माहेश्वरी यांनी बांधावरच्या धोतऱ्याच्या परागकोशातून रोपं उभी केली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं बांबूला बरणीत फुलं आणून 1990 मध्ये जगाला दाखवलं, हेही सांगा. पण घरच्या बरणीतली केळी शेतात लावू नका, आणि शेजाऱ्याला तर विकूच नका.

पोरगा थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "काका, तुमच्या शेवंतीची एक फांदी द्याल?"

दिली. सोबत कुकरची जुनी रिंगही दिली, वाफ गळते म्हणून बदललेली. म्हटलं, आधी ही का फेकली ते शिक.

यंदा रोपांची गाडी येईल तेव्हा तपासणीचा कागद मागा. नाही म्हणाले तर गाडी परत पाठवायची तयारी ठेवा. आणि काय उत्तर मिळालं ते इथे नक्की लिहा.