पाचशेच्या कागदावर घर उभे राहत नाही

घर शोधताना आणि घेताना पैसे कसे वाचवावेत, याविषयीचा जो उपदेश सर्वत्र ऐकू येतो, म्हणजे भाव पाडून मागावा, दलाली कमी करून घ्यावी, दिवाळी-पाडव्याची सवलत पाहावी, तो नंदुरबार जिल्ह्यात अपुरा ठरतो. कारण येथील सामान्य कुटुंबाचा पैसा भावाच्या घासाघिशीत जेवढा जातो, त्याच्या कितीतरी पट कच्च्या कागदात जातो. शहराच्या कडेला शेतात चुन्याच्या रेघा मारून आखलेला भूखंड शेजारच्या मंजूर भूखंडाच्या निम्म्या भावात मिळतो, तेव्हा उरलेला निम्मा भाव वाचला असे घेणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्या निम्म्या भावात मालकीच समाविष्ट नसते. 'एनए (बिगरशेती) होणारच आहे', 'सामाईकात नाव लावून देऊ', 'कागद मागाहून होतील' ही तीन वाक्ये ज्या व्यवहारात उच्चारली जातात, तो व्यवहार कोणत्याही भावात महाग आहे, हे या पत्रकाचे प्रतिपादन आहे.

प्रथम कागदांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. इसारपावती ही सौदा ठरल्याची व काही रक्कम पोचल्याची खूण होय. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार होय. आणि मालकी ज्याने हस्तांतरित होते ते केवळ खरेदीखत होय, तेही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवलेले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्ताविना होऊच शकत नाही, आणि नोटरीचा शिक्का हा केवळ सह्यांची साक्ष असल्याने तो नोंदणीची जागा घेत नाही. मुखत्यारपत्र व साठेखत यांच्या जोरावर केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तरीही पाचशेच्या मुद्रांक कागदावर लाखोंचे सौदे होत राहतात, ते मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वाचावी म्हणून. ही दोन्ही मिळून किमतीच्या साधारण पाच ते सात टक्के धरली, तर आठ लाखांच्या भूखंडावर चाळीस ते छप्पन्न हजार रुपये होतात. ते वाचवण्यासाठी घेणारा सगळे आठ लाख टांगणीला लावतो. शिवाय अशा कागदावर बँक तारण घेत नाही, म्हणून घर बांधताना तोच मनुष्य सावकाराच्या दारी जातो आणि वाचवलेले शुल्क व्याजाच्या रूपाने फेडतो. शुल्कात रास्त बचत करावयाची असेल तर तिची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे: निवासी मिळकत केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही सवलत घेण्यात घरातील कर्त्या पुरुषास जो संकोच वाटतो, त्याची किंमत तीस लाखांच्या घरावर तीस हजार रुपये आहे.

दुसरी गोष्ट या जिल्ह्याची खास आहे आणि तिच्याविषयी सर्वांत जास्त मौन पाळले जाते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्णतः, तर नंदुरबार व शहादा हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकावयाची असल्यास शासनाच्या पूर्वमान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आहे, आणि ती नसेल तर जिल्हाधिकारी चौकशी करून असा व्यवहार कित्येक वर्षांनंतरही मोडू शकतात. हे कलम कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाही. कर्ज, गहाण आणि अंगठ्याचे कागद यांच्या मार्गाने शहादा-तळोदा पट्ट्यातील भिल्लांच्या जमिनी कशा गेल्या आणि त्या परत मिळाव्यात म्हणून १९७० नंतरच्या वर्षांत आदिवासी पुढारी अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटना यांनी कसा लढा उभारला, हा याच मातीचा इतिहास आहे, आणि १९७४ मध्ये संहितेत घातलेले हे कलम त्याच काळाचे अपत्य आहे. म्हणून 'आदिवासी माणसाच्या नावावर राहू द्या, ताबा तुमचा' अशा मांडणीने जो भूखंड घेतो, तो केवळ फसलेला ग्राहक नसतो. तो जुन्या अन्यायाचा नवा भागीदार असतो. बेनामी व्यवहाराचा कायदाही त्याच्या पाठीशी नाही, उलट त्याच्या पाठीमागे आहे.

शेतजमिनीचा तुकडा हा तिसरा सापळा होय. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये ठरवलेले किमान क्षेत्र बागायतीस दहा व जिरायतीस वीस गुंठे आहे. त्याखेरीज १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन परवानगीविना घेताच येत नाही. मग ज्या शिक्षकाला वा एसटीच्या वाहकाला गुंठाभर शेत 'प्लॉट' म्हणून विकले जाते, त्याला नेमके काय विकले जाते? सामाईक सातबाऱ्यावरील एक नाव, ज्याला स्वतःची हद्द नाही, मंजूर रस्ता नाही आणि बांधकामाची परवानगी नाही. शासनाने २०२५ मध्ये काही क्षेत्रांतील जुने तुकडे नियमित करण्याची वाट काढली, हे खरे. परंतु जुन्या फसलेल्यांसाठी काढलेली सवलत हे नव्याने फसण्याचे निमंत्रण मानू नये.

तयार सदनिका घेणाऱ्यासाठी नियम तुलनेने सरळ आहेत. स्थावर संपदा कायदा २०१६ चा आहे आणि महारेरा हे त्याचे प्राधिकरण १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका वा भूखंड आठांहून अधिक असतील, तर नोंदणीविना विक्री निषिद्ध आहे, आणि नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, विचारावा. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर लागतो. एवढेही अनेकांना कोणी सांगत नाही.

आता कर्ज. ज्या दहा हजारांसाठी घेणारा विकणाऱ्याशी चार दिवस भांडतो, त्याच्या दसपट रक्कम तो बँकेच्या मेजावर न वाचता सही करून सोडतो. वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो आणि एकूण फेड सुमारे ४३ लाख १९ हजार होते. तेच साडेआठ टक्क्यांनी मिळाल्यास दीड लाखाहून अधिक वाचतात. मुदत पंधरा वर्षे केली, तर नऊ टक्क्यांनीही हप्ता २,२९० रुपयांनी वाढतो, पण एकूण फेड सुमारे ३६ लाख ५१ हजारांवर येते, म्हणजे सहा लाख साठ हजारांहून अधिक व्याज टळते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच मनाई केली आहे. म्हणून मिरचीचा, कापसाचा वा बोनसचा पैसा हाती येताच मुद्दलात भरावा, आणि तो सुरुवातीच्या वर्षांत भरावा, कारण त्या काळात हप्त्याचा बहुतेक भाग व्याजच खाते.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावरील भोगवटादाराचा वर्ग, 'इतर हक्क' या रकान्यातील बोजा आणि कलम ३६ अ चा शेरा वाचल्याशिवाय, तसेच मंजूर अभिन्यासाचा आदेश नगररचना कार्यालयात ताडून पाहिल्याशिवाय, जिल्ह्यातील कोणाही कुटुंबाने इसाराचा एक रुपयाही देऊ नये.