शरीर-परिचय : काखेंतील वाट

घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचें पायाचें हाड मोडलें, म्हणजे कुबड्या येतात. त्या काखेंत रुतूं लागल्या, तर सून मायेनें त्यांना मऊ चिंध्या गुंडाळून देते. परंतु चिंध्यांनीं टोंचणी थांबली, तरी भार काखेवरच राहतो. आणि खरा धोका त्या भाराचा आहे.

काख ही मानेंतून हाताकडे जाणारी एक वाट आहे. पुढें हांसळी, आंतल्या बाजूस पहिली बरगडी व मागें खवाट्याची वरची कड अशा तीन हाडांमध्यें तिचें तिकोनी तोंड आहे. आंत चरबीच्या बिछान्यांतून हाताची मुख्य रोहिणी व नीला जातात. गांवागणिक ओढ्याचें नांव बदलावें, तसें ह्या एकाच रोहिणीस बरगडीपर्यंत एक, काखेंत दुसरें व दंडांत तिसरें नांव आहे. मानेंतील खालचे चार व पाठीचा पहिला असे पांच मज्जातंतु एकमेकांत गुंफले जाऊन त्यांच्या तीन दोऱ्या होतात, आणि त्या रोहिणीस वेढून उतरतात. हें सारें हाडांच्या आड नसून तळाशीं केवळ कातडी व तिच्याखालील पडदा आहे. सुश्रुतानेंही छाती व काख यांमध्यें ‘कक्षधर’ हें मर्म मानिलें आहे.

मागील दोरींतून निघणारा एक तंतु मनगट व बोटें वर उचलणाऱ्या स्नायूंस चालवितो. कुबडीचा दाब बहुधा ह्यावरच पडतो. मग मनगट लोंबूं लागतें, पळींतलें पाणीही सांडतें, आणि घरांत अर्धांगवायूची भीति पसरते. वेळींच दाब काढल्यास हात बहुतेक कांहीं आठवड्यांत सुधारतो. मात्र एकाएकीं हात लुळा पडल्यास कारण घरीं ठरवीत बसूं नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

कुबडीचें वरचें टोंक काखेच्या दोन-तीन बोटें खालीं असावें व तें बरगड्यांशीं दाबून धरावें. मूठ मनगटाच्या उंचीवर असावी, कोपर किंचित् वांकलेलें असावें आणि सर्व भार तळहातांवर घ्यावा. चिंधी खुशाल गुंडाळावी. पण त्याआधीं उंची मोजून घ्यावी.