मेंदूच्या नोंदी : सॉफ्टवेअर येते, संख्याशास्त्राचे काय?

मँचेस्टर विद्यापीठात मेंदूसंशोधनासाठी दाखल होणाऱ्या नवख्या अभ्यासकापुढे पहिला अडथळा आकड्यांच्या ढिगाचा असतो. 64 इलेक्ट्रोडांनी सेकंदाला हजारदा मेंदूलहरी टिपल्या, की सेकंदागणिक 64 हजार आकडे साचतात. ‘ईईजीलॅब’ किंवा लंडनचे ‘एसपीएम’ चालवणे कार्यशाळेत लवकर जमते. मात्र पाच टक्क्यांच्या निकषावर हजार चाचण्या केल्यास पन्नासेक ‘शोध’ निव्वळ योगायोगाने लागू शकतात, हे भान सॉफ्टवेअरसोबत आपोआप येत नाही. अशा योगायोगांची वजावट न केल्यास मेलेल्या सामन माशाचा मेंदूही एमआरआयमध्ये ‘कार्यरत’ दिसतो, हे 2009 मध्ये दाखवून झाले आहे! 2020 मध्ये ‘नेचर’ने छापलेला प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा : 70 गटांना एकच विदा दिली, कोणत्याही दोन गटांची विश्लेषणपद्धती तंतोतंत जुळली नाही, निष्कर्षांतही मोठी तफावत पडली. नोंदी पाहण्याआधीच विश्लेषणाचा आराखडा लिहून घेण्यात प्रशिक्षणाचा पहिला दिवस जायला हवा. तो बहुधा सॉफ्टवेअर संगणकावर बसवण्यात जातो.