वंगदेशींचें ताट

वंगदेशींचे ब्राह्मण मासे खातात, हें ऐकून आपल्याकडील पुष्कळ घरांत अद्याप नाकें मुरडलीं जातात. (सारस्वत वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं.) परंतु ही चाल शास्त्रास न विचारतां पडलेली नव्हे. सुमारें 11-12 व्या शतकांतील वंगीय धर्मशास्त्रकार भवदेवभट्ट यांनीं आपल्या प्रायश्चित्तविषयक ग्रंथांत निषेधवचनांचा ऊहापोह करून, तो निषेध चतुर्दशी इत्यादि विवक्षित तिथींपुरताच आहे, असा निर्णय दिला.

ऋतूंविषयीं त्यांचा विवेक सूक्ष्म आहे. वसंतांत कडुनिंबाचीं कोवळीं पानें वांग्याबरोबर तळून तीं भाताशीं प्रथम खावयाचीं. सुश्रुत मधुर रस आधीं सांगतो, वंगगृहिणी कडू आधीं वाढते. या वादांत मी पडत नाहीं. पावसाळ्यांत इलीश मासा समुद्रांतून नद्यांत चढतो. त्यास मोहरीचें वाटण, हिरवी मिरची व मोहरीचें तेल एवढेंच पुरतें. पूर्ववंगांतील कित्येक घरांत कोजागरीपासून वसंतपंचमीपर्यंत तो वर्ज्य असतो, कारण तो अंडीं घालण्याचा व पिलें वाढण्याचा काळ. बांगलादेशाचें सरकारही आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास 22 दिवस इलीश धरण्यास बंदी करतें. आजीबाईंचा नियम व सरकारचा कायदा येथें एकत्र येतात.

मासा तेथें सौभाग्यचिन्हही आहे. विवाहांत हळदीच्या दिवशीं वराकडून वधूगृहीं जीं ताटें जातात, त्यांत एक थोरला रोहित मासा नववधूप्रमाणें नटवून पाठवितात. आणि म्हणूनच, पति निवर्तला कीं पत्नीच्या ताटांतून मासा उठे. उच्चवर्णीय विधवेस कांदा, लसूण व मसुरीची डाळही वर्ज्य. भात दिवसांतून एकदांच. एकादशीस पाण्याचा थेंबही नाहीं. कित्येकदां ही विधवा दहा-बारा वर्षांची पोर असे. 1856 सालीं ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनें विधवाविवाहाचा कायदा झाला, पण तिचें ताट तसेंच राहिलें. (केशवपन करणाऱ्या आपण वंगीयांस नांवें ठेवावीं असें नव्हे.)

तिची चूल निराळी, भांडीं निराळीं. त्या चुलीवर या बायांनीं केळफूल, केळीचा गाभा, भाज्यांच्या साली व खसखशीचें वाटण यांतून असे पदार्थ सिद्ध केले कीं मासे खाणारीं माणसेंही वाटी घेऊन तिकडे वळत. केळफूल आपल्या गृहिणींस परकें नाहीं. तेथें त्यांत बटाटा व ओल्या नारळाचे बारीक तुकडे घालून शेवटीं तूप व गरम मसाला घालतात. हरभऱ्याची डाळ वाटून तिच्या वड्या तळून रश्श्यांत सोडतात, त्या पदार्थाचें नांव ‘धोकार डालना’. धोका म्हणजे फसवणूक. कोणाची, तें कोणी सांगत नाहीं.

हे ‘निरामिष’ पदार्थ आज उपाहारगृहांतूनही कौतुकानें वाढले जातात. शहरांतील पुष्कळ घरांतून विधवेवरील निर्बंध आतां सुटला आहे. मुलें-सुना आग्रहानें माशाची वाटी पुढें ठेवितात. तरी कांहीं वृद्धा ती हळूच दूर सारतात.