मुक्या गिटारीची कैफियत

कानाला हेडफोन लावून वाजवावयाची नायलॉन तारांची ‘सायलेंट’ गिटार आम्ही पंधरा रात्री वाजवून पाहिली. शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क आम्हांस, वकील या नात्याने, पूर्ण मान्य आहे. पोकळ पेटीच नसल्यामुळे हिचा उपद्रव भिंतीपलीकडे जात नाही. चौकटीची बाजू सुटी होत असल्याने प्रवासातही ती सुटसुटीत पडते. आमची हरकत आहे ती ‘खरीत व हीत आता फरक उरला नाही’ ह्या विधानास.

आंतोनिओ दे तोर्रेस ह्या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बांधली. नाद घडविते ती वरची पातळ लाकडी फळी, हे त्याला दाखवावयाचे होते. येथे तीच फळी गाळली आहे! घोडीखालचा संवेदक तारेचे कंपन टिपतो. पेटीचा घुमारा विजेची करामत पुरविते. परिणामी स्वर क्षीण पडला की आम्ही बोट सुधारीत नव्हतो, आवाजाची कळ पिळीत होतो. सोळाव्या दिवशी घरची जुनी गिटार हाती घेतली, तो वरच्या तारांचा स्वर शेजारच्या खोलीतही पोहोचेना.

मध्यरात्री किंवा प्रवासात ही जरूर जवळ असावी. नवशिक्याला पहिली गिटार म्हणून हीच घ्या, असे सांगणाऱ्यांची मात्र आम्हांस उलटतपासणी करावयाची आहे: ज्या बोटांनी खोली कधी भरलीच नाही, त्यांस हळू वाजविणे कोण शिकविणार?