अनुदानाची किल्ली आणि शाळेचे दार

जगाला मानवाधिकारांचे धडे देण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे, अशी अमेरिकेची पक्की समजूत आहे. वॉशिंग्टनहून दरवर्षी अहवाल निघतात, त्यांत इतर देशांना गुण दिले जातात आणि आपल्याकडील काही इंग्रजी वृत्तपत्रे ते वेदवाक्य मानून छापतात. त्याच वॉशिंग्टनमध्ये मार्च २०१७ मध्ये काय घडले, याकडे मात्र या मंडळींचे फारसे लक्ष गेले नाही. शाळांमधील वांशिक आणि आर्थिक विभाजन कमी करू इच्छिणाऱ्या शालेय जिल्ह्यांना मदत करण्यासाठी ओबामा प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरची एक लहानशी अनुदान योजना जाहीर केली होती. सत्तांतर होताच नव्या शिक्षण खात्याने ती सुरू होण्यापूर्वीच गुंडाळली. अमेरिकेच्या अवाढव्य अंदाजपत्रकात ही रक्कम म्हणजे दर्यामें खसखस. मग एवढी घाई कशासाठी?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन’ खटल्यात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडील पाठ्यपुस्तके येथे थांबतात आणि अन्याय संपला, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीसाठी निश्चित मुदत देण्याचे टाळले आणि दक्षिणेकडील राज्यांनी त्या ढिलाईचा पुरेपूर लाभ उठवला. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. काळ्या मुलांच्या शेजारी आपली मुले बसवण्यापेक्षा सरकारी शाळाच नसाव्यात, हे तेथील धुरीणांना अधिक सोयीचे वाटले. निकालानंतर दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, दक्षिणेतील जेमतेम दोन टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी श्वेतबहुल शाळांत शिकत होते.

मग चक्र फिरले ते कशामुळे? न्यायालयाच्या रेट्याला पैशाची जोड मिळाली, त्यामुळे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंशभेद करणाऱ्या संस्थेचे केंद्रीय अनुदान रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. १९६५ च्या शिक्षण कायद्याने शाळांसाठी केंद्राची तिजोरी प्रथमच मोठ्या प्रमाणावर उघडली. जी मंडळे न्यायालयाला भीक घालत नव्हती, ती अनुदान जाण्याच्या भीतीने दारे उघडू लागली. पुढे १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एकत्रीकरण करणाऱ्या जिल्ह्यांसाठी दीड अब्ज डॉलरचा प्रस्ताव मांडला आणि १९७२ मध्ये ‘आपत्कालीन शालेय साहाय्य कायदा’ झाला. शिक्षकांचे प्रशिक्षण, नवा अभ्यासक्रम, मागे पडलेल्या मुलांची तयारी यांसाठी त्यातून पैसा मिळू लागला. मुलांची बसने ने-आण करून एकत्रीकरण साधण्याला निक्सन यांचा विरोध होता, हे खरे. परंतु पैशाशिवाय हे काम होत नाही, एवढे त्यांनाही कळत होते. १९८८ पर्यंत दक्षिणेतील सुमारे ४३ टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी श्वेतबहुल शाळांत शिकू लागले. दोनवरून त्रेचाळीस!

औषध लागू पडत होते. आणि नेमक्या अशा वेळी वैद्याने ते काढून घेतले. १९८१ मध्ये रीगन प्रशासनाने हे अनुदान इतर अनेक योजनांबरोबर एका सरसकट गाठोड्यात बांधून राज्यांच्या हवाली केले. एकत्रीकरणासाठीच खर्च करण्याचे बंधन संपले आणि त्याबरोबर ते कामही मागे पडले. १९८४ मध्ये ‘मॅग्नेट’ शाळांसाठी, म्हणजे वैशिष्ट्यपूर्ण अभ्यासक्रमाच्या बळावर सर्व थरांतील मुलांना आकृष्ट करणाऱ्या शाळांसाठी, अनुदान सुरू झाले. पण त्याची व्याप्ती मर्यादितच राहिली. तिकडे न्यायालयेही माघार घेत होती. १९७४ च्या डेट्रॉईट प्रकरणात शहर आणि उपनगरे यांच्यामधील भिंत न्यायालयाने शाबूत ठेवली. गोऱ्या कुटुंबांनी उपनगरांत स्थलांतर करावे आणि त्यांच्या मालमत्ता कराचा पैसा त्यांच्याच शाळांत राहावा, हा मार्ग त्यामुळे निर्धोक झाला. २००७ मध्ये सिएटल आणि लुईव्हिल येथील जिल्ह्यांनी स्वेच्छेने आखलेल्या योजनाही पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाल्या. एप्रिल २०२५ मध्ये लुईझियानातील प्लाक्मिन्स पॅरिश येथील १९६६ पासूनचा खटला न्याय खात्याने बंद करवला आणि त्याचा गाजावाजाही केला.

या अनुदानाविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की पैशाने मने जुळत नाहीत. मान्य. पण आधी शाळेचे दार उघडावे लागते. एका बाकावर बसल्याशिवाय मने जुळण्याची सुरुवात तरी कोठून होणार? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकत्रीकरणाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील व सीमावर्ती राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. हे सत्य आहे आणि लाजिरवाणे आहे. दुर्बलाने आपले सारे सोडून सबलाच्या घरी पाहुणा म्हणून जावे, याला समरसता म्हणत नाहीत. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष असा, की एकत्रीकरण सन्मानाने करावे. ते करूच नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

येथवर वाचून ‘पाहा, कशी आहे ती अमेरिका’ असे म्हणत सुस्कारा सोडणाऱ्या वाचकांना थोडे थांबवावेसे वाटते. अनुदानाच्या किल्लीने शाळेचे दार उघडण्याची युक्ती अमेरिकेच्या कितीतरी आधी आपल्या मातीत वापरली गेली आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने हात वर केले. पुढे १९१९ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत बसवले. १९२३ मध्ये मुंबई सरकारने ठराव केला, की अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या संस्थेला अनुदान मिळणार नाही. अमेरिकेने हाच नियम केला तो एकेचाळीस वर्षांनंतर. मात्र निव्वळ ठरावाने काम भागत नाही, हेही आपल्याला तेव्हाच कळले. गावोगावी मुले वर्गाबाहेर बसतच राहिली.

आणि आज? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. त्यांचा खर्च सरकारने भरून द्यायचा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. असे असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट! त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला, म्हणून दार उघडे राहिले. प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही, ही शाळाचालकांची तक्रार जुनीच आहे आणि रास्तही आहे. परंतु थकबाकीवरचा इलाज थकबाकी फेडणे हा आहे. मोलकरणीच्या मुलाला वेगळी शाळा दाखवणे हा नव्हे. सरकार कोणत्या पक्षाचे आहे, यावरून ही गोष्ट बरी-वाईट ठरत नाही.

अमेरिकेतील उपनगरांकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण आपण मध्यमवर्गीयांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत नगरपालिकेच्या शाळेतून मुले काढून घेतली, ती काय निराळ्या कारणाने? भाषेचे, दर्जाचे, बसच्या सोयीचे कारण आपण पुढे करतो. त्यात काही अंशी तथ्यही असेल. तथापि ‘तिथे कसली मुले येतात’ हे वाक्य आपल्या दिवाणखान्यांत कधी उच्चारलेच गेले नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील? रविवारी बंधुभावावर व्याख्यान ऐकायचे आणि सोमवारी मुलाच्या वर्गातील पंचवीस टक्क्यांबद्दल मुख्याध्यापकांकडे कुरकुर करायची, हा दुटप्पीपणा अमेरिकनांचाच आहे असे मानण्याचे कारण नाही.

सरकारने प्रतिपूर्ती वेळेवर द्यावी, तिचा हिशेब शाळानिहाय जाहीर करावा आणि पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवणाऱ्या शाळेची मान्यता तपासावी, ही मागणी आपण निःसंकोच केली पाहिजे. अमेरिकेचा सत्तर वर्षांचा अनुभव हेच सांगतो, की तिजोरी आणि कायदा एका दिशेने चालले तेव्हा दारे उघडली, आणि तिजोरीने पाठ फिरवताच ती पुन्हा मिटू लागली. उरलेला भाग सरकारचा नाही, आपला आहे. येत्या जूनमध्ये आपल्या मुलाच्या शेजारी बाकावर कोण बसणार आहे, याची चौकशी आपण अवश्य करावी. आणि त्या मुलाला एकदा घरी जेवायला बोलवावे.