नामावली हा पर्यायकोश नव्हे

पैगंबर मुहंमद यांच्या नामोपाधींचा विचार मराठीत होतो तेव्हा तो बहुधा एका सोयीस्कर गृहीतकावर उभा असतो : व्यक्ती एक, विशेषणे अनेक. 'नबी', 'रसूल', 'अहमद', 'मुस्तफा', 'अमीन' ही सारी श्रद्धेच्या भरात उच्चारलेली समानार्थी पदे ठरतात. विष्णुसहस्रनामाचे साम्य दाखवले की विषय आटोपतो. हे गृहीतक दिसायला उदार आहे. प्रत्यक्षात मात्र ते वाचनातील आळसाला समन्वयाचे नाव देते आणि भाषांतरात अर्थाची हानी घडवते.

उपाधी हा अलंकार असेल तर तो काढून टाकल्याने विधान बदलू नये. इ.स. 628 मधील हुदैबियाच्या तहाचा प्रसंग नेमके याच्या उलट सांगतो. मसुद्यात 'रसूलुल्लाह' हे शब्द येताच मक्केच्या कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल इब्न अम्र यांनी हरकत घेतली. हे पद मान्यच असते तर संघर्षाला कारणच उरले नसते, हा त्यांचा युक्तिवाद होता. 'मुहंमद इब्न अब्दुल्लाह' एवढेच लिहावे, ही मागणी. लेखनिक अली यांनी शब्द खोडण्यास नकार दिला. पैगंबरांनी स्वतः मात्र तो बदल मान्य केला. दोन्ही मसुद्यांत निर्देश एकाच व्यक्तीचा होता, तरीही एकावर सही शक्य होती, दुसऱ्यावर नव्हती. साभिप्राय विशेषणासाठी संस्कृत साहित्यशास्त्राकडे 'परिकर' ही संज्ञा आहे. पण तीही येथे तोकडी पडते. परिकरात विशेष्य आधीच सिद्ध असते, विशेषण त्याला अभिप्राय जोडते. हुदैबियात वाद होता तो विशेष्याविषयीच : समोर कोण बसले आहे, कुलपुत्र की ईश्वराचा दूत? उपाधी येथे वर्णन करीत नाही. ती स्वीकाराची कृती घडवते.

कुरआनच्या संहितेतही हा भेद योगायोगाने आलेला नाही. 'मुहंमद' हे नाव तीत चार वेळा आणि 'अहमद' एकदा येते; पण संबोधन म्हणून एकदाही नाही. आदम, इब्राहीम, मूसा, ईसा यांना नावाने हाक मारली जाते. मुहंमदांना 'हे नबी', 'हे रसूल' असे, अथवा 73 व 74 या अध्यायांच्या आरंभी वस्त्र पांघरलेला म्हणून. ज्या आयतींत नाव येते त्यांपैकी एक (3:144) ते केवळ रसूल आहेत, मृत्यू त्यांनाही येऊ शकतो, याची जाणीव देते. उलट रात्रीच्या अलौकिक प्रवासाचा उल्लेख (17:1) करताना योजलेला शब्द आहे 'अब्द', म्हणजे दास. गौरवाच्या शिखरावर दास्याचे पद ठेवणारी ही योजना सहस्रनामाच्या साच्यात बसत नाही. सहस्रनामातील प्रत्येक नाम ईश्वराकडेच नेते. येथे उपाधी उंचावते आणि त्याच वेळी मानव व ईश्वर यांतील सीमा राखते. पंधराव्या शतकातील अल्‌-जझूली यांच्या 'दलाइलुल्‌ खैरात' या ग्रंथातील 201 नामांची यादीही या पार्श्वभूमीवर वाचायला हवी.

मराठीच्या दृष्टीने खरी कसोटी 33:40 या आयतीची आहे. तेथे मुहंमदांना 'रसूल' म्हटले आहे आणि नबींची 'मुद्रा' (खातम) म्हटले आहे. दोन्ही पदे एकाच वाक्यात. प्रत्येक रसूल नबी असतो, प्रत्येक नबी मात्र रसूल नसतो, असा भेद बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञ करतात. म्हणूनच नबींची परंपरा संपली की रसूलांचीही संपते, हा युक्तिवाद उभा राहतो. दोन्ही पदांना 'प्रेषित' हा एकच शब्द लावणाऱ्या भाषांतरात तो युक्तिवाद दिसेनासाच होतो. शब्दांची टंचाई ही सबब येथे चालणार नाही. मराठी बायबलने 'प्रेषित' आणि 'संदेष्टा' हे दोन शब्द वेगळे राखले आहेत. फारसीतून आलेला 'पैगंबर' म्हणजे निरोप वाहून आणणारा. रूढ आणि आदरार्थी असला तरी तोही हा भेद दाखवत नाही.

भाविकाच्या मुखी ही पदे परस्परांची जागा घेतात, नआतमध्ये लय आणि यमक पदाची निवड ठरवतात, हा आक्षेप रास्त आहे. पण वापरातील सैलपणा म्हणजे अर्थाची एकरूपता नव्हे. पैगंबरांना 'नूर' म्हणावे की 'बशर' यावर भारतीय उपखंडात बरेलवी आणि देवबंदी विद्वानांनी दीर्घ वाद घातला. पाकिस्तानात 1984 च्या अध्यादेशाने दंडसंहितेत घातलेले 298-ब हे कलम तर पैगंबरांचे कुटुंबीय, सहचर आणि खलिफा यांच्यासाठी राखलेल्या काही उपाध्या अहमदियांनी इतरांना लावणे हाच तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरवते. त्या कलमाविषयी मत काहीही असो; ज्या शब्दांसाठी माणसे तुरुंगात जातात त्यांना शोभेची पदे म्हणणे ही समीक्षा नव्हे.

सर्व नावे अखेर एकच, हे भक्ताने म्हणावे. तो त्याचा अनुभव आहे. समीक्षकाने आणि भाषांतरकाराने ते म्हटले की अनुभवाचा आधार उरत नाही, केवळ भेद पुसला जातो. कोणती उपाधी, कोणाच्या मुखी, कोणत्या नकारासमोर उच्चारली गेली, या प्रश्नांपासून नामावलीचे वाचन सुरू व्हायला हवे. निदान 'नबी' आणि 'रसूल' यांना मराठीत दोन वेगळे शब्द मिळेपर्यंत ती दोन्ही पदे मूळ रूपातच ठेवणे, एवढी शिस्त अभ्यासकाकडून अपेक्षिणे अवाजवी नाही.